विद्यार्थी म्हणून पहिल्यांदा उत्खननावर जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा सुरू झाला की पुरातत्त्वाच्या पहिल्या वर्षाची मुलंमुली साइटवर निघायच्या तयारीला लागतात आणि माझा फोन वाजायला लागतो. निम्मे फोन मुलांचे, निम्मे त्यांच्या आईवडलांचे. मी पुण्यात पुरातत्त्व शिकले, विद्यार्थी म्हणून महाराष्ट्रातल्या उत्खननांवर राहिले आणि नंतर विद्यार्थ्यांच्या तुकड्यांबरोबर जात राहिले. दरवर्षी जे विचारलं जातं त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. इतर मुलामुलींचे अनुभवही त्यात आहेत, त्यांची नावं मुद्दामच दिलेली नाहीत.

विद्यार्थी तिथे नेमकं काय करतात? खणतात का?

खणतात, पण त्याहून जास्त लिहितात. कुदळ, फावडं आणि घमेली ही कामं मुख्यतः गावातले कामगार करतात. विद्यार्थ्याच्या हातात छोटी करणी, ब्रश, मोजपट्टी, ओळंबा आणि वही असते. तुम्हाला एखाद्या ट्रेंचचा, म्हणजे आखलेल्या चौकोनी खड्ड्याचा, काही भाग सांभाळायला दिला जातो. आज किती खोल गेलो, मातीचा रंग कोणता, ती भुसभुशीत की घट्ट, त्यात राख किती, खापरं कोणती आली, कुठल्या कोपऱ्यात काय दिसलं, हे सगळं त्याच दिवशी वहीत उतरवायचं. उद्यावर ढकलायचं नाही.

याचं कारण साधं आणि फार गंभीर आहे. कुठलाही थर एकदाच खणता येतो. रसायनशास्त्राचा प्रयोग चुकला तर पुन्हा करता येतो, जुनी पोथी पुन्हा वाचता येते. तीन हजार वर्षांपूर्वीची जमीन एकदा खरवडून घमेल्यातून बाहेर टाकली की ती संपली. त्यानंतर उरतात फक्त तुमच्या नोंदी, तुमचे नकाशे, तुम्ही काढलेले फोटो आणि नीट लेबल लावलेल्या पिशव्या.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे एकामागून एक हंगाम उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांनी ते चालवलं. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं आख्खं गाव तिथे उलगडलं: शंभराहून जास्त घरं, धान्य साठवायच्या कणग्यांच्या जागा, भट्टी, नदीचं पाणी वळवायचा पाट. सविस्तर अहवाल १९८८ साली छापला गेला. ती घरं आज जशीच्या तशी पाहता येणार नाहीत. पण त्यांच्याबद्दल आजही नवे प्रश्न विचारता येतात, कारण त्या खड्ड्यांत बसलेल्या कुणीतरी दररोज मोजमापं लिहून ठेवली होती. अशा मोठ्या उत्खननांत ते बसलेले लोक बहुतेक वेळा विद्यार्थीच असतात.

असा अनुभव महाराष्ट्रात कुठे मिळतो?

पुण्याचं डेक्कन कॉलेज हे पहिलं नाव. जोर्वे, नेवासा, इनामगाव ही महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगाची, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं बरोबरच वापरात असलेल्या काळाची, ओळख करून देणारी उत्खननं तिथल्या लोकांनी केली आणि हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळालाही तिथले विद्यार्थी जाऊन राहिले. नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभाग विदर्भात दीर्घकाळ काम करत आला आहे. पवनीचा स्तूप १९६९-७० मध्ये या विभागाने आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मिळून खणला. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या प्राचीन थडग्यांभोवतीच्या दगडी वर्तुळांनी विदर्भातल्या कितीतरी विद्यार्थ्यांना पहिली माती दाखवली. मुंबई विद्यापीठातही पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम चालतात.

कुठल्याही संस्थेला उत्खननासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि तो ठरावीक स्थळासाठी, ठरावीक हंगामापुरता असतो. त्यामुळे यंदा कुठे जायचं हे बरेचदा उशिरा कळतं. थोडा धीर धरा.

रोजचा दिवस कसा असतो?

उजाडायच्या आधी उठायचं. थंडीत बादलीभर गरम पाण्यासाठी चुलीपाशी रांग लागते. चहा, पोहे किंवा उपमा खाऊन साडेसात-आठच्या सुमारास ट्रेंचवर हजर. सकाळची तिरपी उन्हं मातीतले फरक सगळ्यात छान दाखवतात, म्हणून फोटो आणि बारीक निरीक्षण तेव्हाच उरकायचं. दुपारी ऊन डोक्यावर आलं की सगळी माती एकाच रंगाची दिसायला लागते. काही साइटवर कामगार पाण्याचा हलका फवारा मारतात, मग थर पुन्हा उठून दिसतात.

संध्याकाळी खणणं थांबतं, काम थांबत नाही. दिवसभरातली खापरं धुवायची आणि पॉटरी यार्डात वाळत घालायची. पॉटरी यार्ड म्हणजे चुन्याच्या रेषा मारून केलेलं मोकळं अंगण. त्यात प्रत्येक ट्रेंचला आणि प्रत्येक थराला आपापला चौकोन असतो. कालची वाळलेली खापरं निवडायची, महत्त्वाच्या तुकड्यांवर शाईने स्थळाचं लघुनाव, ट्रेंच आणि थर बारीक अक्षरात लिहायचे. मणी, बांगड्या, नाणी यांची वेगळी नोंदवही असते. रात्री जेवणानंतर सगळे एकत्र बसतात आणि प्रत्येकजण आपल्या ट्रेंचमध्ये आज काय झालं ते सांगतो. मला विचाराल तर पुरातत्त्व शिकायची खरी जागा ही रात्रीची बैठक. पुस्तकात वाचलेलं तिथे पहिल्यांदा वादाला येतं: तुझा चौथा थर आणि माझा तिसरा एकच आहे का? तुझ्या बाजूला राख आहे, मग माझ्या बाजूला का नाही?

गावकरी विचारतात तेच मीही विचारतो: सोनं, नाणी, मूर्ती सापडतात का?

नाणी सापडतात, मूर्तीही कधीकधी. सोनं अगदी क्वचित. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतून समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती मिळाली, ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. माहुरझरीला घोड्याच्या सांगाड्याबरोबर तांब्याचे अलंकार मिळाले. अशा गोष्टींची बातमी होते.

पण विद्यार्थ्यांशी बोललात तर त्यांच्या लक्षात राहिलेल्या वस्तू वेगळ्याच असतात. एका मुलाने मला चुलीबद्दल सांगितलं होतं. मातीची चूल, मागच्या बाजूला काळपट भाजलेली, तोंडाशी राख आणि त्या राखेत जळालेले चार दाणे. ते दाणे पुढे तपासणीत जवाचे निघाले. त्याच्या ट्रेंचमध्ये तेवढ्या दिवसांत यापेक्षा झगझगीत काही आलं नाही, पण तो अजून त्या चुलीबद्दल बोलतो. मला हे पटतं. नाणं राजाचं असतं. चूल ज्यांची होती त्यांचं नाव कुठल्याच शिलालेखात नाही, आणि ती माणसं आपल्याला भेटली तर अशीच भेटणार.

दाणे कसे मिळतात हेही विचारलं जातं. राखाडी माती पिंपातल्या पाण्यात सोडून ढवळतात. जळालेले हलके दाणे वर तरंगतात, ते बारीक जाळीवर गाळून सावलीत वाळवायचे. इनामगावच्या लोकांचं मुख्य पीक जव होतं, हे अशाच काळ्या कणांतून कळलं.

मातीचे थर मला ओळखता येतील का? फोटोत तर सगळी माती सारखीच दिसते.

सुरुवातीला सगळ्यांना सारखीच दिसते. डोळ्याला सवय लागायला वेळ जातो आणि ती लागण्यासाठी हाताचीही मदत घ्यावी लागते.

ट्रेंचच्या उभ्या भिंतीला सेक्शन म्हणतात. ती करणीने सपाट तासून घ्यायची आणि मग समोर बसून पाहायचं. शेणामातीने सारवलेली जमीन पातळ, घट्ट पट्टीसारखी दिसते. एकावर एक अनेकदा सारवलेली असेल तर त्या पट्ट्या चक्क मोजता येतात. पुराने आणलेला गाळ बारीक आणि एकसारखा असतो. पडलेल्या भिंतीची माती गोळ्यागोळ्यांची. जुन्या खड्ड्यात नंतर भरलेली माती जास्त भुसभुशीत, करणी तिथे सहज आत जाते. करणी लागल्यावर होणारा आवाजसुद्धा बदलतो. जुने कामगार तर न पाहता नुसत्या आवाजावरून सांगतात की खाली पोकळ आहे.

सगळ्यात अवघड असतात खांबांच्या खळग्या. लाकडी खांब केव्हाच कुजून गेलेला असतो. उरतं ते फक्त आजूबाजूच्या मातीपेक्षा जरा गडद, वाटोळं वर्तुळ. एक वर्तुळ दिसलं तर काहीच कळत नाही. तशी आठ-दहा वर्तुळं नकाशावर उतरवली की अचानक झोपडीचा आकार उभा राहतो. इनामगावच्या शेवटच्या काळात, इ.स.पू. १००० नंतर, ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. कोरडं होत गेलेलं हवामान आणि ओढग्रस्त शेती हे त्याचं कारण मानलं जातं. एका समाजाला वाईट दिवस आले हे अशा मातीतल्या डागांवरून वाचता आलं, हे मला आजही थक्क करतं.

थरांना वरून खाली क्रमांक देतात. सर्वात वरचा, म्हणजे सर्वात अलीकडचा, पहिला. खड्डा मात्र फसवतो. दोनशे वर्षांपूर्वी कुणी धान्य साठवायला बळद खणलं असेल तर ते सातवाहनांच्या जमिनीतून आरपार खाली गेलेलं असतं आणि त्याच्या तळाशी मिळालेलं काचेचं कांकण खोलीवरून जुनं वाटतं. म्हणून खड्ड्याची कड आधी शोधायची, तो आधी वेगळा रिकामा करायचा आणि त्यातल्या वस्तूंची पिशवी वेगळी ठेवायची.

दोन ट्रेंचच्या मधे न खणता ठेवलेली मातीची भिंत असते, तिला बाल्क म्हणतात. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ मध्ये तक्षशिलेला प्रशिक्षण शिबिर घेऊन भारतीय विद्यार्थ्यांना ही चौकोनांची पद्धत शिकवली. सांकलियांनी तर त्याआधीच लंडनला शिकत असताना व्हीलर यांच्या इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननावर विद्यार्थी म्हणून काम केलं होतं. बाल्कच्या कडेला उभं राहू नका, त्यावर बसू नका. तिथले थर म्हणजे शेवटपर्यंत राखून ठेवलेला पुरावा आहे.

माझ्या ट्रेंचमध्ये काहीच सापडलं नाही तर?

शेजारच्या ट्रेंचवर मण्यांची माळ निघाली म्हणून सगळे धावतात आणि तुम्ही मात्र पिवळट गाळ खरवडत बसलेले असता. हे दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येतात. वाईट वाटतं, वाटू द्या.

पण तो गाळही नीट लिहा. वस्ती इथपर्यंत होती, पुढे नव्हती, ही माहिती मण्यांइतकीच किमती आहे. दोन वस्त्यांच्या मधे खापर नसलेला जाड थर आला तर याचा अर्थ गाव मधल्या काळात ओस पडलं होतं. तो थर कंटाळून दोन ओळींत उरकला, तर त्या गावाच्या इतिहासातली शंभर वर्षं दोन ओळींची होतात.

कामगारांशी कसं वागायचं?

मामा, मावशी, दादा, ताई. गावात आपण पाहुणे आहोत आणि ते वयाने मोठे आहेत. पहिल्याच दिवशी नावं विचारून घ्या. अरेतुरे चालणार नाही. हे मी कडकपणे सांगते, कारण शहरातून आलेली काही मुलं हातात वही आली की साहेब होतात.

एकाच परिसरात वर्षानुवर्षं उत्खननांवर राबलेली माणसं असतात. त्यांचा हात तुमच्यापेक्षा तयार असतो. मराठवाड्यातल्या एका सातवाहनकालीन टेकाडावर आमच्याकडे एक मावशी चाळणीवर बसायच्या. जोंधळ्याच्या दाण्याहून लहान मणी चाळणीत खड्यांबरोबर आला तरी त्यांच्या बोटांना कळायचा. आमच्यातल्या एकीने विचारलं, कसं ओळखता? त्या म्हणाल्या, "रोज तांदूळ निवडते की, बाई." त्या मुलीने नंतर आठवडाभर त्यांच्या शेजारी बसून चाळण्या केल्या.

त्यांना घरातल्या गोष्टी ठाऊक असतात आणि तिथे त्यांचं ज्ञान आपल्याला फार उपयोगी पडतं. जमिनीत पुरलेल्या रांजणाचं तोंड दिसलं की ते पाण्यासाठी की धान्यासाठी, यावर आम्ही पुस्तकं आठवायचो. मामा सांगायचे की बूड असं असेल तर ते टेकून ठेवायचं, पुरायचं नाही. दरवेळी ते बरोबर असतं असं नाही, पण ते विचारात घ्यायलाच हवं. असं काही कळलं तर वहीत लिहा आणि कुणी सांगितलं तेही लिहा. वस्तू कुणाच्या हाताला लागली त्याचीही नोंद करा. अहवालांतून ही नावं फार कमी दिसतात आणि मला ते खटकतं.

सांगाडे निघतात का? भीती वाटत नाही?

निघतात. सगळ्या स्थळांवर नाही, पण ताम्रपाषाणयुगाच्या वस्त्यांवर दफनं बरेचदा घराच्या जमिनीखालीच असतात. इनामगावला दोनशेहून अधिक दफनं मिळाली. लहान मुलांना दोन कुंभांत ठेवून, कुंभांची तोंडं एकमेकांना भिडवून, घरातच पुरलेलं होतं. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून आडवं ठेवायचे आणि बऱ्याच दफनांत घोट्याखालची पावलं काढून टाकलेली आढळली. मेलेला माणूस उठून जाऊ नये, या समजुतीपोटी असं करत असावेत असा एक अंदाज आहे. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला पुरुष मिळाला आणि त्याची पावलं शाबूत होती. गावात त्याचं स्थान वेगळं असणार.

भीतीबद्दल विचाराल तर बहुतेक मुलं सांगतात की आधी वाटते, काम करताना वाटत नाही. दिवसभर बांबूच्या काडीने आणि मऊ ब्रशने एकेका बरगडीभोवतीची माती सोडवायची असते. लक्ष पूर्ण त्यात असतं. खरा जड क्षण नंतर येतो. बाळाचं कुंभदफन पहिल्यांदा उघडलं तेव्हा आमची तुकडी काही वेळ बोललीच नव्हती. आईवडलांनी आपलं बाळ घराबाहेर न नेता पायाखालच्या जमिनीत, आपल्याजवळ ठेवलं होतं. शेजारी पाण्यासाठी छोटी तोटीची भांडी ठेवलेली होती. जोर्वे पद्धतीची ती तांबडी भांडी आणि त्यांच्यावरची काळी नक्षी आम्ही परीक्षेसाठी पाठ केलेली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा कुणाच्यातरी घरची वाटली.

काम करताना काही पथ्यं पाळायची असतात. हातमोजे आणि मास्क घालायचे, कारण आता हाडांतून प्राचीन डीएनए काढता येतो आणि आपलाच डीएनए त्यात मिसळला तर नमुना फुकट जातो. राखीगढीच्या दफनांतून घेतलेल्या कितीतरी नमुन्यांपैकी एकाच स्त्रीच्या नमुन्यातून वाचण्याजोगा डीएनए मिळाला आणि त्यावरचं संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. उष्ण प्रदेशात डीएनए फार टिकत नाही, त्यामुळे जो उरलाय तो जपावाच लागतो. कालमापनासाठी घेतलेल्या कोळशालाही हात लावायचा नाही. स्वच्छ करणीने उचलून थेट फॉइलमध्ये ठेवायचा.

आणि सांगाड्याशेजारी हसत सेल्फी काढायचा नाही. गावकरी पाहत असतात. काही ठिकाणी ते हळदकुंकू घेऊन येतात, नारळ फोडतात. त्यांना बाजूला जागा द्या आणि आपण काय करतो आहोत ते नीट सांगा.

राहण्याची सोय कशी असते? मुलींसाठी सुरक्षित आहे का?

कुठे तंबू, कुठे गावातली शाळा किंवा समाजमंदिर, कुठे भाड्याने घेतलेलं घर. मुलींची झोपायची जागा वेगळी असते आणि बहुतेक तुकड्यांत आज मुलीच जास्त असतात. तरी फोनवर आईवडलांनी जे विचारायला हवं आणि संकोचाने विचारत नाहीत, ते मी इथे लिहिते. साइटजवळ स्वच्छतागृह आहे का, नसेल तर कॅम्पवर जाऊन यायला गाडी आहे का? बरोबर एखाद्या शिक्षिका किंवा मोठ्या संशोधक मुली आहेत का? जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे? हे प्रश्न निघण्याआधी विचारा, लेखी विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पुन्हा विचारा. पाळीच्या दिवसांत उन्हात उकिडवं बसणं जड जातं. त्या दिवशी पॉटरी यार्डचं काम मागून घेण्यात काही गैर नाही. काही मुली शौचाला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे करू नका, याने मूत्रमार्गाचे त्रास होतात आणि उन्हात चक्कर येते. सोय नसेल तर ती मागणं हा तुमचा हक्क आहे.

बाकी धोके सरळ आहेत. दगड उचलताना विंचू. सकाळी ट्रेंचमध्ये उतरण्याआधी तळाशी साप नाही ना हे पाहणं. खोल ट्रेंचच्या कडेला ओझं ठेवायचं नाही, कारण भिंत खचू शकते. धुळीची ॲलर्जी किंवा दमा असेल तर आधीच सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन निघा.

माझं इंग्रजी कच्चं आहे. वही कशी लिहू?

हा प्रश्न बीड, धुळे, गडचिरोलीकडच्या मुलामुलींकडून हमखास येतो आणि तो विचारताना आवाज खाली जातो. नोंदवह्या आणि अहवाल बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत असतात हे खरं. पण साइटवर लागणारे शब्द मोजकेच आहेत, ते पाठ होतात. वाक्यं छोटी लिहा. जिथे शब्द सुचत नाही तिथे मराठीत लिहा आणि शेजारी आकृती काढा. मोजमापासह काढलेली स्वच्छ आकृती अलंकारिक परिच्छेदापेक्षा कितीतरी जास्त सांगते.

शिवाय शेतीघरातून आलेल्या मुलांकडे एक भांडवल असतं. भरड मुरूम, चोपण, गाळाची माती यांतला फरक त्यांना पायाने कळतो. औताच्या तासाची खूण, गोठ्याची जमीन, उकिरड्याची माती त्यांनी रोज पाहिलेली असते. शहरातली मुलं हे ज्या पुस्तकातून शिकतात ते यांच्या घरामागे असतं. या मुलांनी तोंड उघडून बोलायला हवं, एवढीच माझी विनंती आहे.

बरोबर काय न्यायचं?

टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पाय झाकणारे बूट, रात्रीसाठी जाड स्वेटर, टॉर्च, स्वतःची पाण्याची बाटली, ओठांसाठी आणि भेगांसाठी व्हॅसलिन, कडक पुठ्ठ्याची वही, पेन्सिली. पाऊस आला किंवा घाम पडला तर शाई पसरते, पेन्सिल टिकते. दागिने घरी ठेवा. आपल्या कानातला मणी ट्रेंचमध्ये पडला तर विनाकारण गोंधळ होतो.

फोटो आणि रील टाकले तर चालतात?

संचालकांना विचारल्याशिवाय नाही. वस्तू कुठल्या गावात, कुठल्या शेतात मिळाली हे जाहीर झालं की रात्री कुदळी घेऊन माणसं येतात. दुसऱ्या दिवशी सेक्शन पोखरलेला असतो आणि त्यासोबत तुमचे सगळे थर गेलेले असतात. शिवाय अर्धवट माहितीवरून "रामायणकालीन", "पाच हजार वर्षांपूर्वीचं" असे मथळे फिरायला लागतात आणि नंतर ते कुणीच मागे घेत नाही.

पैसे मिळतात का? पुढे नोकरी?

विद्यार्थ्यांसाठी हा बहुधा अभ्यासक्रमाचा भाग असतो. जेवणखाणं आणि राहणं मोहिमेच्या खर्चातून होतं, मानधन सहसा नसतं. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचं पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालय, संग्रहालयं, अध्यापन आणि संशोधन असे रस्ते आहेत. ग्रेटर नोएडाला सर्वेक्षणाची स्वतःची संस्था दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा चालवते. जागा कमी निघतात, हे घरच्यांना आधीच सांगा. याबद्दल गोड बोलून मुलांना या क्षेत्रात ओढणं मला मान्य नाही.

मी विद्यार्थी नाही, पण आमच्या गावाबाहेर पांढर आहे आणि शेतात खापरं, विटा निघतात. मी काय करू?

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांना अशी जुन्या वस्तीची टेकाडं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथली माती घरबांधणीला आणि शेताला नेत आले, आणि आता जेसीबीने एका दिवसात टेकाड सपाट होतं. तुम्ही सगळ्यात आधी एवढं करा: खणू नका. वर पडलेल्या खापरांचा, विटांचा फोटो जागेवरच काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून. विटांची लांबी, रुंदी, जाडी मोजा. मोठ्या आकाराच्या विटा सातवाहनकाळाकडे बोट दाखवू शकतात. गट क्रमांक लिहा. मग जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व किंवा इतिहास विभागाला, नाहीतर राज्य संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला पत्र पाठवा आणि पोच घ्या.

नाण्यांचा हंडा किंवा मौल्यवान काही निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या दैमाबाद या ताम्रपाषाणयुगीन स्थळाची प्रसिद्ध कांस्यशिल्पं, बैलगाडी, हत्ती, गेंडा आणि रेडा, १९७४ मध्ये गावातल्याच माणसाला झाडाचं मूळ खणताना मिळाली. ती वितळवली गेली नाहीत म्हणून आज आपल्याला पाहता येतात. पण ती कुठल्या थरातली होती हे त्यांच्या मिळण्यातून कळलं नाही, आणि त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद राहिले. म्हणून वस्तू दिसली तर शक्य तितकी तशीच राहू द्या, वर गोणपाट टाका, चारी बाजूंनी फोटो घ्या आणि अभ्यासक येईपर्यंत शेताच्या त्या तुकड्यावर नांगर घालू नका.